पणजोबांचं पोट

सावंतवाडी
१४ नोव्हेंबर १९९९

चि. विभा,

आशीर्वाद. त्यातलेच थोडे सुदेशरावांना आणि संजनाला द्यावेत.

मोठ्या भावाने आठ महिन्यांत पत्र टाकलं नाही म्हणून फुगून बसली असशील, तर आता पुरे, कारण काम आहे. गावात नवं नाट्यगृह होतंय. समितीत मी आहे. नाव कुणाचं द्यायचं यावर तीन बैठका झाल्या, चहा झाला, शेंगदाणे झाले, निर्णय नाही. मी आपल्या पणजोबांचं नाव सुचवलं. भिवाजी तळवणेकर! विलायतेच्या रंगमंचावर नायिका उभी करणारा आपल्या मुलखातला नट. तर समितीतले वकील चष्मा पुसत म्हणतात, "हेडमास्तर, पुरावा काय?" जो फोटो जन्मापासून भिंतीवर बघत आलो, त्यालाही आता पुरावा लागतो!

फोटोची प्रत सोबत आहे. नऊवारी, नथ, अंबाड्यावर वेणी, एका हातात पंखा, दुसरा कमरेमागे, आणि ते प्रसिद्ध पोट. बाबा म्हणायचे आठवतं का? "आजोबा सोळा वर्षांच्या नायिकेचं काम करायचे, पण विलायतेतलं लोणी त्यांना सोसलं नाही!" दर दिवाळीला फोटो पुसताना हा विनोद व्हायचा आणि आई तोंडाला पदर लावायची.

तर मुद्दा असा. इंग्रजांच्या देशात दर दहा वर्षांनी खानेसुमारी होते. घरोघर जाऊन माणसाचं नाव, वय, धंदा लिहितात आणि शंभर वर्षांनी ते कागद लोकांना खुले करतात. तुझ्याकडे इंग्रज पुष्कळ, कॉम्प्युटरही आहे. पणजोबांची नाटक कंपनी विलायतेला कुठल्या साली गेली ते कुणाला नक्की ठाऊक नाही. पणजी आजोबांच्या जन्माच्या वेळीच गेली, तिचं नावसुद्धा मागे राहिलं नाही. तू भिवाजी शोध. पुरुष, नट, जन्म हिंदुस्थान. बाकीचा पसारा उपसत बसू नकोस.

तुझा,
सोमनाथदादा


दुबई
२० जानेवारी २०००

ती. दादा,

नमस्कार. फुगले नव्हते, पण तुला तसं वाटलं हे वाचून बरं वाटलं.

तुझं पत्र सुदेशच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर आलं, तिथे फायलींत अडकलं, मग त्याच्या गाडीत साइटवर फिरलं आणि परवा घरी आलं. इथे पोस्टमन दारात येत नाही रे. माझ्या नावाचं जे काही असतं ते नवऱ्याच्या बॅगेतून येतं. व्हिसावर माझ्या नावापुढे शिक्काच आहे, 'काम करण्यास परवानगी नाही'. तेव्हा तुझ्या कामाला माझ्याकडे वेळच वेळ.

वरच्या मजल्यावर एक इंग्रज बाई राहते, शाळेत पियानो शिकवते. तिच्याकडे १८८१ च्या खानेसुमारीच्या सीडी आहेत. ती स्वतःच्या कोळशाच्या खाणीतल्या पूर्वजांना शोधते. तिच्या टेबलाशी बसून मी आठवडाभर सगळे नट उपसले. दोरीवरून चालणारे, बाहुल्यावाले, मद्रासेत जन्मलेला एक हत्तीवाला. भिवाजी नाहीत. ती म्हणाली, नाटकवाले शोधणं सगळ्यांत अवघड, आज या गावात, उद्या त्या, आणि नाव दर गावात वेगळं. संजनाला सांगितलं तर म्हणते, "मम्मा, ही इज डेड एनीवे." झालं!

एक विचारू? तू त्या फोटोसाठी एवढा धावतोस, चांगलं आहे. पण मला त्या फोटोखालचंच एक आठवतं. १९७८ साल. राज्य नाट्यस्पर्धेत मला नायिकेचं काम मिळालं होतं. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती, घरात तुझा शब्द. तू त्या फोटोकडे बोट दाखवून म्हणालास, "विभा, आपल्या पणजोबांनी स्वतः साडी नेसली, पण घरची बाई रंगमंचावर उभी केली नाही." मी वीस वर्षांची होते. चार महिन्यांत लग्न, आणि मग हे वाळवंट.

राग नाही. म्हणजे आहे, पण पणजोबांवर नाही. शोधते.

विभा


सावंतवाडी
९ मार्च २०००

चि. विभा,

आशीर्वाद आहेतच.

१८८१ फार लवकरचं झालं. आजोबांचा जन्म १९०१ चा, इथलाच, आपल्या घरातला. म्हणजे कंपनी त्याच सुमाराला गेलेली असणार. १९०१ ची खानेसुमारी २००२ मध्ये खुली होईल असं दिसतं. इमारतीचंही पैशांवाचून अडलंय, पायाच्या वर काही नाही. थांबू.

१९७८ चं उकरून काय मिळणार? काळ तसा होता. तुझं चांगलंच झालं, फ्लॅट आहे, गाडी आहे. त्या वेळची जी नायिका झाली, ती आता कुठे आहे विचार. सावंतवाडीत शिवणाचे क्लास घेते.

दादा


दुबई
२८ जानेवारी २००२

ती. दादा,

नमस्कार. १९०१ ची खानेसुमारी या महिन्यात इंटरनेटवर आली आणि आल्या आल्या बंद पडली! सगळं जग एकदम आपापले पणजोबा शोधायला धावलं म्हणे. इथे करामा भागात गनीभाईंचं सायबर कॅफे आहे, दापोलीकडचे आहेत. म्हणाले, "ताई, इन्शाल्ला चालू होईल, तुम्ही आपलं दर रविवारी येऊन बघा." बघते.

आता माझं. सुदेशची साइट शेख झायेद रोडच्या पार टोकाला गेलीय. वाळूत कालवा खणून समुद्र आत आणताहेत, मरीना म्हणतात. तो रात्रीच उगवतो. संजनाला तिच्या मैत्रिणी पुरतात. इथल्या मराठी मंडळाचं गणपतीत दोन अंकी नाटक आहे. त्यांना चाळिशीची नायिका हवी होती. मी वाचून दाखवलं. दादा, वाचून झाल्यावर एकदम टाळ्या. घरी येऊन मी आंघोळीच्या नावाखाली दार लावून रडले.

सुदेश 'नको' म्हणाला नाही. "दादांना एकदा विचार," म्हणाला. चव्वेचाळीस वर्षांची बाई भावाला विचारतेय, हसू येतं ना? पण विचारते. हो म्हण. आशीर्वाद दे, बाकी काही नको.

विभा


सावंतवाडी
३ मार्च २००२

चि. विभा,

विचारलंस, बरं वाटलं. उत्तर 'नाही' आहे.

हेमाचं बघायला लागलोय. स्थळं येतात तेव्हा चहा प्यायच्या आधी आपलं घराणं विचारतात. मुलीची आत्या दुबईत नाटकात कामं करते, हे कुणाच्या कानावर कसं जाईल आणि कसं पोचेल, काय सांगावं? पणजोबांचं वेगळं. ती कला होती, आणि ते पुरुष होते. सुदेशरावांना वेगळं पत्र लिहिलंय, त्यांना पटेल.

खानेसुमारीचं विसरू नकोस. इमारत पुन्हा सुरू झालीय.

दादा


दुबई
११ ऑक्टोबर २००२

दादा,

सुदेशला पटलं. तुझं पत्र त्याच्या बॅगेतून बाहेरही आलं नाही, नुसतं "खलास, विभा, जाऊ दे" म्हणाला. नायिकेचं काम शारजाहच्या एका बाईंनी केलं. मी तिसऱ्या रांगेत बसून पाहिलं. बरं केलं त्यांनी. हे लिहायला मला किती दिवस लागले ते तुला कळणार नाही.

आता बैस. सापडलं.

साइट पुन्हा सुरू झालीय. गनीभाईंच्या कॅफेत माझी वेळ संपत आली होती, मागे एक मुलगा उभा राहून घड्याळ दाखवत होता. दर वेळी मी आधी 'पुरुष' या चौकोनात खूण करत असे, तुझ्या हुकमाप्रमाणे. त्या घाईत खूण राहिली. नाव रिकामं, धंदा नट किंवा नटी, जन्म हिंदुस्थान, एवढंच गेलं. आणि ती आली.

ब्लॅकपूल, समुद्रकाठचं गाव. ३१ मार्च १९०१. एका विधवेचं भाड्याचं घर, राहणारे सगळे तमाशे-नाटकवाले. एक विदूषक, बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारे दोघे भाऊ, आणि त्यांच्या खाली तीन ओळी. प्रिंट सोबत आहे, मी मराठीत सांगते.

कृष्णाबाई, स्त्री, विवाहित, वय चोवीस. धंदा: नटी. जन्म हिंदुस्थान.

भिवा, पुरुष, विवाहित, वय एकतीस. धंदा: थिएट्रिकल ड्रेसर, म्हणजे नटीला पोशाख चढवणारा. जन्म हिंदुस्थान.

रामचंद्र, मुलगा, वय दोन महिने. जन्म ब्लॅकपूल.

रामचंद्र, दादा! आपले आजोबा. आणि तू लिहिलंस, जन्म इथलाच, आपल्या घरातला!

गनीभाईंनी पाणी आणून दिलं, त्यांना वाटलं घरून काही वाईट कळलं. घरी येऊन तू पाठवलेला फोटो काढला आणि खिडकीशी बसले. तो कमरेमागचा हात बघ. संजनाच्या वेळी सातव्या महिन्यात मी असाच हात ठेवून उभी राहायचे, पाठ दुखायची म्हणून. ते लोणी नाही रे. सातवा महिना आहे तो. त्या फोटोत पणजोबा नाहीतच. ते कुठेतरी बाजूला तिच्या निऱ्या नीट करून उभे असतील.

पुरुषच नायिका करायचे, म्हणून आपल्यातल्या एकालाही कधी शंका आली नाही! नथ दिसली, पोट दिसलं, एवढी मोठी बाई समोर दिसली, आणि तीन पिढ्या आपण हसलो. हसलो, दादा! मीसुद्धा हसले.

आणि त्याच बाईच्या फोटोखाली उभं करून तू मला सांगितलंस की आपल्या घरची बाई रंगमंचावर गेली नाही.

तुला ठाऊक नव्हतं, ते मी धरत नाही. पण आता कळलंय. मी तुझ्याकडे आजवर दोन गोष्टी मागितल्या, दोन्ही वेळा नाही म्हणालास. ही तिसरी. नाट्यगृहाला कृष्णाबाईचं नाव दे. माझ्यासाठी म्हणून नको देऊस, खरं आहे म्हणून दे.

विभा


सावंतवाडी
१७ नोव्हेंबर २००२

चि. विभा,

पत्र मिळालं. रडारड पुरे. यात मला नवीन काही नाही.

बाबांनी जायच्या आधी मला सांगितलं होतं. कृष्णाबाई पेडण्याची, कलावंतिणीच्या घरातली. भिवाजी तिच्या मागे लागून कंपनीत शिरले, तिथेच लग्न केलं की नाही ते देव जाणे, कागदावर काहीही लिहिता येतं. परत आल्यावर घरच्यांनी मूल ठेवून घेतलं आणि तिला पेडण्याला पोचवलं. भिवाजींना घरंदाज मुलगी करून दिली, तिच्या मांडीवर आजोबा वाढले. फोटो तेवढा भिवाजींनी टाकू दिला नाही. येणारेजाणारे विचारायला लागले, तेव्हा त्यांनीच सांगितलं, "हा मीच, नायिकेच्या वेषात." लोकांना पटलं. तेव्हापासून तेच चालत आलं, आणि त्यावर चार पिढ्या मानाने जगल्या, तू धरून. सुदेशरावांच्या घरच्यांनी तुला बघितलं तेव्हा हे सांगितलं असतं, तर तू आज कुठे असतीस?

मग शोधायला का सांगितलं, असं विचारशील. समितीला भिवाजींचं नाव आणि नाटकाचा उल्लेख एका ओळीत छापलेला हवा होता. तो मिळाला, तुझे कष्ट कारणी लागले. त्या एका ओळीची झेरॉक्स करून दिली. 'थिएट्रिकल' हा शब्द आला आहे, पुढचा कागदाच्या कडेबाहेर गेला. वकिलांनी मान डोलावली. मी तुला पुरुष शोध म्हणून बजावलं होतं ते याचसाठी. ऐकलं असतंस तर तुलाही त्रास झाला नसता.

हेमाचं कुडाळला जमलंय. कार्यात तोंड सांभाळ. उद्घाटन फेब्रुवारीत आहे, आलीस तर पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो.

दादा


सावंतवाडी
२४ फेब्रुवारी २००३

प्रिय विभा,

तुझ्या भावाला न सांगता लिहितेय. हेमाच्या होणाऱ्या सासरचे दुबईला जाणारे एक जण आहेत, त्यांच्या हाती देते, म्हणजे थेट तुझ्याच हातात पडेल.

तू आली नाहीस, बरं केलंस. उद्घाटन झालं, बाहेर मोठ्या अक्षरात 'भिवाजी तळवणेकर नाट्यगृह'. मुंबईहून सिरियलमधला नट आणला होता. आत शिरल्यावर समोरच तिचा फोटो, माणसाएवढा, खाली लिहिलंय, 'नटवर्य भिवाजी, नायिकेच्या वेषात'. तो नट हार घालून पाच मिनिटं बघत राहिला आणि माइकवर म्हणाला, "काय हा अभिनय! पुरुष आहे हे सांगूनही पटत नाही. असं बाईपण आजच्या बायकांना तरी जमेल का?" टाळ्यांचा कडकडाट. मी पण वाजवल्या गो, शेजारी हेमाची होणारी सासू होती.

मला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. सासूबाईंनी मी या घरात आले त्याच वर्षी सांगितलं. फोटोच्या विनोदाला त्या तोंडाला पदर लावायच्या ना, ते हसू यायचं म्हणून नव्हे. मलाही त्यांनी तेच शिकवलं, पदर लावायचा आणि आत निघून जायचं. मी तुला सांगायला हवं होतं की नको, ते अजून कळत नाही.

आणखी एक. तू घरातला फोटो डोळ्यांसमोर आणून बसशील म्हणून सांगते, नाट्यगृहातला अगदी तसा नाही. बाजारातल्या स्टुडिओत आता कॉम्प्युटरवर सगळं होतं. यांनी त्या मुलाला सांगितलं, नायिकेला शोभेल असं कर. त्याने पोट काढून टाकलं. कंबर अशी बारीक झालीय की ओळखू येत नाही. लोक म्हणतात, आता कसं छान दिसतं.

घरातला जुना फोटो यांनी भिंतीवरून उतरवला. मी पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. कुणी आलं-गेलं तर तुझ्याकडे धाडते.

तुझी,
प्रमिलावहिनी


दुबई
१५ मार्च २००३

दादा,

नमस्कार लिहायला हात वळत नाही, म्हणून लिहीत नाही.

नाट्यगृहाची बातमी कळली. कुणाकडून ते विचारू नकोस, उद्घाटनाला तीनशे माणसं होती म्हणे.

इथे सगळे इराकच्या काळजीत आहेत. सुदेशच्या साइटवर मजूर सामान बांधून बसलेत, कंपनीने कुणाला जाऊ दिलं नाही. अशातही मंडळाने पाडव्याचं नाटक ठेवलंय. मी आहे त्यात. विसाव्या वर्षी नायिका ठरले होते, आता नायकाची आई. चार वाक्यं आहेत, त्यातलं एक आतून म्हणायचं. सुदेशने विचारलं, "दादांना कळवलंस का?" कळवतेय. विचारत नाहीये.

तुझ्यावर चिडायचं ठरवून दोनदा बसले आणि दोनदा कागद फाडला. कृष्णाबाईला तू पुसलंस असंही म्हणवत नाही, ते काम तुझ्या आधीच तिघांनी करून ठेवलं होतं. तू फक्त दाराच्या वर पाटी लावलीस. माझ्या शोधाची तू कात्री लावून झेरॉक्स केलीस, तेही गिळलं. हेमाच्या लग्नात मी तोंड उघडणार नाही, काळजी करू नकोस. पोरीचा काय दोष?

पण तो फोटो. ज्या फोटोवर आपण दिवाळीला हसायचो, त्यातलं पोट तुला आता खुपलं. नायिकेला शोभत नाही म्हणून तू ते स्टुडिओतल्या मुलाकडून काढून घेतलंस आणि त्याला हार घालायला लावलास.

दादा, त्या पोटात आजोबा होते रे.

विभावरी